पुढची तारीख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तुमच्या कानांवर लहानपणापासून पडत आलंय. आज मात्र चढायची आहे. गाव मायामी, साल १९८८. समोर नऊमजली न्यायालय, त्याच्यालगत तुरुंग, आणि दोघांना जोडणारा वरच्या वर एक बंदिस्त पूल. कैद्याचे पाय रस्त्याला न लागता तो कोठडीतून न्यायाधीशासमोर येतो आणि तसाच परत जातो.

तुम्ही या शहरात व्यसनमुक्तीचे समुपदेशक आहात. तिशी अजून दूर आहे. आज इथे तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. तुमच्याकडे महिनाभर येऊन मग नाहीसा झालेला एक तरुण आज कोर्टात उभा राहणार आहे, असं त्याच्या आईने फोनवर सांगितलं, म्हणून आलात. (त्याला मी नाव देत नाही. तो आणि त्याची आई कल्पनेतली आहेत. ज्या दालनात तुम्हाला नेणार आहे ते मात्र खरं आहे.)

तुम्ही मागच्या बाकावर बसता. शेजारी बायकाच जास्त, आया, बहिणी, मांडीवर मूल घेतलेल्या बायका. स्पॅनिश, हैतीची क्रिओल आणि इंग्रजी अशा तीन भाषांत कुजबुज चाललेली. पुकारा होतो. तो उठतो. वकिलाच्या हातात गठ्ठाभर कागद आहेत, त्यातला याचा कुठला हे शोधण्यात थोडा वेळ जातो. आरोप क्रॅक बाळगल्याचा. क्रॅक म्हणजे खाण्याचा सोडा आणि पाणी घालून उकळलेलं कोकेन. त्याचा खडा होतो, पेटवल्यावर तडतडतो, म्हणून ते नाव. पूर्वी कोकेन हे पैसेवाल्यांचं व्यसन होतं. खडा निघाला आणि ते पाच-दहा डॉलरवर आलं. गुन्हा कबूल? कबूल. जेवढे दिवस आत काढले तेवढी शिक्षा, वर देखरेख. दीड-दोन मिनिटांत सगळं उरकतं. त्याला क्रॅकशिवाय झोप लागते का, जेवतो का, राहतो कुठे, यातलं काही कुणी विचारत नाही. विचारायला वेळच नाही, पुढचा पुकारा झालेला असतो.

बाहेर पडताना त्याची आई तुम्हाला विचारते, "सुटला ना?" तुम्ही हो म्हणता. काही महिन्यांनी ती पुन्हा फोन करते. तेच कोर्ट, तोच आरोप.

आता एक वर्ष पुढे या.

१९८९च्या उन्हाळ्यात याच इमारतीत एक वेगळं दालन सुरू झालं. ते कुणाच्या दयेतून जन्मलं नव्हतं. फ्लोरिडाचे तुरुंग इतके भरले होते की शिक्षा संपण्याआधीच माणसं सोडावी लागत होती, आणि सुटलेली माणसं त्याच नशेपायी त्याच पुलावरून परत येत होती. मुख्य न्यायाधीश जेराल्ड वेदरिंग्टन यांनी आपले सहकारी न्यायाधीश हर्बर्ट क्लाइन यांना रोजच्या कामातून मोकळं केलं आणि याच प्रश्नाचा अभ्यास करायला बसवलं. जवळपास वर्षभर त्यांनी तो केला. काउंटीच्या मुख्य सरकारी वकील होत्या जॅनेट रेनो, सहा फुटांहून उंच, कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. बचाव पक्षाच्या सरकारी कार्यालयाचे प्रमुख होते बेनेट ब्रमर. एरवी ही दोन कार्यालयं दिवसभर एकमेकांशी भांडायची, तेच त्यांचं काम. या एका गोष्टीवर मात्र ती दोन्ही एका टेबलाशी बसली. ज्याच्यावर हिंसेचा गुन्हा नाही, जो माल विकत नाही, फक्त जवळ बाळगताना सापडला आहे, त्याचा खटला बाजूला ठेवायचा. सुमारे वर्षभर उपचार. ते पूर्ण केले तर सरकार खटला काढून घेणार, अर्धवट सोडले तर खटला आहे तिथून पुढे चालू.

न्यायाधीश म्हणून निवड झाली स्टॅनली गोल्डस्टाइन यांची. कधीकाळी त्यांनी पोलीस म्हणून रस्त्यावर काम केलं होतं. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस कशासाठी उभा आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आणि तुम्हाला नोकरी मिळाली ती या दालनाला जोडलेल्या उपचार केंद्रात.

सकाळ. केंद्राचं दार उघडायच्या आधीच बाहेर दहा-बारा जण उभे आहेत. तुमचा पहिला तास बाटल्यांचा. समोरच्याने लघवीचा नमुना द्यायचा आणि तो देत असताना केंद्रातल्या कुणीतरी तिथेच उभं राहायचं. दोघांनाही लाज वाटते. पहिल्या आठवड्यात तुम्ही नजर वळवली होती, तेव्हा जुन्या सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं होतं, नजर वळवलीस तर तू त्याला फसवायला मदत करतोस. बाटली हातात घेतली की कोमट लागली पाहिजे. गार लागली तर समजायचं की ती खिशातून आली, दुसऱ्या कुणाची आहे. कोकेनची खूण लघवीत साधारण दोन ते चार दिवस टिकते, म्हणून एक दिवस निभावून नेता येत नाही. आठवड्यातून अनेकदा यावं लागतं. आज बाटली द्यायला तो आहे, गेल्या वर्षी दीड मिनिटात उरकलेला. तुमच्याकडे न बघता बाटली टेबलावर ठेवतो. कोमट आहे.

मग तो आतल्या खोलीत जाऊन बसतो. इथे थोडं थांबा, कारण अशी खोली तुम्ही याआधी पाहिलेली नाही. भिंतीच्या कडेने खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक माणूस. प्रत्येकाच्या दोन्ही कानांवर केसासारख्या बारीक सुया टोचलेल्या, एका कानाला पाच. कुणी बोलत नाही. पाऊण तास ते तसेच बसून राहतात. जन्मात कधी स्वस्थ न बसलेली, रात्रभर रस्त्याने फिरणारी माणसं डोळे मिटून बसलेली दिसतात. ही पद्धत न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलमधून आली. तिथे डॉ. मायकल स्मिथ यांनी ती बसवली होती. मायामीने ती उचलली त्याला साधं कारण होतं. हेरॉइनवाल्याला मेथाडोन देता येतं, कोकेनवाल्याला द्यायला औषधच नव्हतं. आजही नाही. हेरॉइनची, म्हणजे आपल्याकडच्या गर्दची, नशा तुटून टर्की लागली की अंग पिळवटून निघतं, क्रॅक सुटल्यावर माणूस आधी झोपतो, मग काळवंडतो आणि मग नशेची हाक येते. त्या हाकेवर गोळी नाही. म्हणून सुया.

सुयांनी गुण येतो का? पुढे २००२ मध्ये सहाशेहून अधिक रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत, कोकेनपुरतं बोलायचं तर, खऱ्या सुया आणि लटक्या सुया यांत फरक दिसला नाही. हे तुम्हाला आज ठाऊक नाही. तुम्हाला एवढंच दिसतंय की सुयांच्या निमित्ताने तो रोज येतो आणि पाऊण तास बसतो. माझं मत विचाराल तर गुण त्या रोज येण्यात होता.

सुया काढल्यावर तो विचारतो, "आज कोर्टात तुम्ही असाल?"

"असणार."

"मंगळवारचं सांगाल त्यांना?"

मंगळवारी तो आला नव्हता. बुधवारी आला तेव्हा बाटली कोमट होती आणि चाचणी वाईट निघाली. हे त्यालाही माहीत आहे, तुम्हालाही. अमेरिकेत व्यसनोपचाराची माहिती रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाही, तसे केंद्रीय नियम १९७०च्या दशकापासून आहेत. त्याची सही तुमच्या फायलीत आहे. अटकेनंतरच्या दिवसांत त्याने ती केली, आणि त्या अवस्थेतला माणूस कशावरही सही करतो. समुपदेशकाच्या पोटात गोळा येतो तो इथे. याने तुमच्याजवळ मन मोकळं करायचं आणि तेच तुम्ही न्यायाधीशाला जाऊन सांगायचं. तुम्ही त्याला खोटं आश्वासन देत नाही.

"सांगणार. पण बुधवारी तू आलास, हेही सांगणार."

दुपारी मायामीवर ढग दाटून येतात. तुम्ही छत्री न घेताच निघता आणि भिजलेल्या फायली छातीशी धरून दालनात शिरता. कामकाज सुरू व्हायच्या आधी एक छोटी बैठक असते, तिथे सरकारी वकील, बचाव पक्षाचे वकील, तुम्ही, सगळे एका टेबलाभोवती. आजच्या बोर्डावरच्या एकेका नावावर बोलणं होतं. फिर्याद आणि बचाव एकाच बाजूने बसलेले पाहायची तुम्हाला सवय नाही, आणि त्यांनाही नाही. तरुण सरकारी वकील बाई त्याचा कागद वाचून म्हणतात, दोन संधी झाल्या. बचावाचे वकील गप्प. हे गप्प राहणं तुमच्या लक्षात राहतं. एरवीच्या कोर्टात ते ताडकन उठले असते, झडती कायदेशीर होती का, खडा खरंच कोकेनचा होता का, जप्तीची नोंद कुठे आहे, असं विचारलं असतं. या दालनात यायचं म्हणजे ते प्रश्न बाहेर ठेवून यायचं. नंतर जिन्यात ते तुम्हाला सांगतात, "यातल्या एखाद्याचा खटला मी लढलो असतो तर तो महिन्यात सुटला असता. इथे वर्ष काढतोय. बरा होतोय, हेही खरं. पण मी त्याचा वकील आहे की त्याचा मामा, हे मला रोज स्वतःला विचारावं लागतं." हा प्रश्न त्यांनी विचारत राहायला हवा. ज्या दिवशी या दालनातला बचावाचा वकील तो विचारायचं थांबेल, त्या दिवशी हे दालन बंद करावं.

पुकारा सुरू होतो. जिथे ज्युरी बसते त्या बाकांवर आज कैदी बसलेत, काल-परवा पकडलेले. त्यांचा नंबर उशिरा आहे. तोवर त्यांनी फक्त बघायचं. आधी येतात ते ज्यांचं बरं चाललंय. एक बाई पुढे येते. तिच्या सगळ्या चाचण्या ओळीने स्वच्छ आहेत. न्यायाधीश तिच्या धाकट्या मुलाची चौकशी करतात, मग दालनाला टाळ्या वाजवायला सांगतात. कोर्टात टाळ्या! दालनाचा बंदोबस्त पाहणारा बेलिफसुद्धा वाजवतो, पट्ट्याला अडकवलेल्या बेड्या त्याच्या हालचालीबरोबर किणकिणतात. ज्युरीच्या बाकावरचा एक कैदी मान वर करतो.

मग त्याचं नाव. तो पुढे येतो. आई मागच्या बाकावर, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून. न्यायाधीश कागद वाचतात आणि मान वर करून त्यालाच विचारतात. वकिलाला नाही, तुम्हाला नाही. मंगळवारी काय झालं?

हा क्षण तुम्ही जन्मभर विसरणार नाही, म्हणून नीट बघा. एरवी न्यायालयात आरोपीशी फारसं कुणी बोलत नाही. त्याच्याविषयी बोलतात. तो उभा असतो, तिसऱ्याच भाषेत त्याची चर्चा चालते आणि शेवटी त्याला एक तारीख कळते. इथे न्यायाधीश थांबलेत, दालन थांबलंय, बेलिफ थांबलाय, आणि त्याने उत्तर द्यायचं आहे. तो आधी म्हणतो, बस चुकली. न्यायाधीश नुसते बघत राहतात. मग तो सांगतो. पगार झाला, जुना मित्र भेटला, कोपऱ्यावर गेलो.

आता ते तुमच्याकडे वळतात. तुमचा घसा कोरडा. तुम्ही मंगळवार सांगता, बुधवारही सांगता. मग आणखी एक गोष्ट सांगता, जी कागदावर नाही. त्याने तपासणी चुकवली असती तर वाईट निकाल कुणाला कळलाच नसता, बुधवारी निकाल वाईट येणार हे ठाऊक असूनही तो आपल्या पायांनी आला.

कोर्ट त्याला कार्यक्रमातून काढत नाही, पण आज घरीही जाऊ देत नाही. दोन आठवडे आत, मग पुन्हा केंद्रात. बेलिफ पुढे होतो. बेड्या पडतात. त्याची आई ओरडत नाही, फक्त पर्स सोडून दोन्ही हात तोंडावर धरते. पूल ओलांडून तो जातो आणि तुम्हाला वाटतं, हे आपल्या तोंडच्या शब्दांनी झालं.

व्यसनात घसरण होतेच, तो आजाराचाच भाग आहे, हे या कोर्टाने मान्य केलं. एका मंगळवारसाठी माणूस टाकून दिला नाही, ही त्याची मोठी गोष्ट. पण आजाराच्या लक्षणाला कोठडी हे औषध कसं, याचं उत्तर त्या दालनाकडे नव्हतं. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात ठरवून टाकलं होतं की नुसतं व्यसनी असणं हा गुन्हा होऊ शकत नाही. इथे गुन्हा खडा बाळगण्याचा असला तरी कोठडी मिळाली ती घसरल्याबद्दल. तुम्ही घरी जाऊन त्या रात्री जेवत नाही.

दोन आठवड्यांनी तो परत येतो. बाटली देतो. सुया टोचून घेतो. चार दिवस तुमच्याशी बोलत नाही, पाचव्या दिवशी बोलतो.

पुढचे महिने भराभर जाऊ द्या. त्यांत सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि ते थोडं असणंच चांगलं. आधी त्याला कोर्टाची तारीख थोड्या-थोड्या दिवसांनी मिळायची, मग आठवडे लांबत गेले. सुया थांबल्या, गटात बसणं वाढलं, शिक्षणाची आणि नोकरीची बोलणी सुरू झाली. मधे एकदा तो पुन्हा घसरला. त्या वेळी मात्र फोन त्यानेच केला, चाचणी होण्याआधी.

तारीख या शब्दाने आपल्या देशात किती घरं उसवली आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे तारीख पडते म्हणजे काही होत नाही. या दालनात उलट होतं. पुढच्या तारखेला आपल्याला कुणीतरी नावाने हाक मारणार आहे, मागचं आठवून विचारणार आहे, एवढं माणसाला ठाऊक असतं. ज्याला आठवडाभर पुढचं दिसत नाही त्याला पंधरा दिवसांनंतरचा एक दिवस दिसायला लागतो. औषध नसलेल्या व्यसनावर या दालनाने शोधलेलं औषध हेच होतं, असं मला मनापासून वाटतं.

वर्ष सरतं. शेवटच्या दिवशी सरकारी वकील बाई उभ्या राहून सांगतात की राज्य हा खटला काढून घेत आहे. एका वाक्याचं काम. टाळ्या. त्याची आई तुमच्यापर्यंत येते आणि तेच विचारते जे १९८८ मध्ये विचारलं होतं. "सुटला ना?" या वेळी हो म्हणायला तुम्ही थोडा वेळ घेता.

आता मायामी सोडा, वर्षंही झपाझप ओलांडा. १९९३ मध्ये रेनो देशाच्या ॲटर्नी जनरल झाल्या, मायामीच्या उपचार कार्यक्रमाचे प्रमुख टिम मरे हेही पुढे वॉशिंग्टनला गेले. १९९४च्या गुन्हेगारीविषयक कायद्याने अशा उपचार न्यायालयांसाठी केंद्र सरकारचा पैसा ठेवला आणि त्याच साली या क्षेत्रातल्या लोकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज अमेरिकेत अशी तीन हजारांहून अधिक न्यायालयं आहेत. बाल्टिमोरमध्ये संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी आरोपींची विभागणी करून पाहिली. दोन वर्षांत नेहमीच्या कोर्टातले ८१ टक्के पुन्हा पकडले गेले, उपचार न्यायालयातले ६६ टक्के. फरक आहे. चमत्कार नाही.

दोष दाखवणारेही आतलेच होते. डेन्व्हरचे न्यायाधीश मॉरिस हॉफमन यांनी २००० साली कडाडून लिहिलं की असं न्यायालय उघडलं की जाळं रुंद होतं, आता उपचारच मिळणार आहेत म्हणून पोलीस एरवी सोडून दिली असती ती माणसंही धरून आणतात. याहून दुखरी गोष्ट औषधांची. मायामीत कोकेनवर औषध नव्हतं म्हणून सुया आल्या. हेरॉइनवर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही जीव वाचवणारी औषधं असताना कित्येक उपचार न्यायालयांनी ती बंद करायला लावली, एका नशेच्या जागी दुसरी नशा चालणार नाही म्हणून. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी न्यायाधीशाने काढून घ्यायची! २०१५ मध्ये केंद्र सरकारने पैशाला अट घातली की ही औषधं नाकारता येणार नाहीत. तोवर पाव शतक उलटून गेलं होतं. ज्या दालनात वकील, पोलीस आणि न्यायाधीश डॉक्टरपेक्षा मोठे होतात, तिथे उपचार नावापुरते उरतात.

आता घरी या. पण थेट आजमध्ये नको, मायामीच्या तीन वर्षं आधी उतरा. पुणे, येरवडा, २९ ऑगस्ट १९८६. मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू होतंय, पु. ल. देशपांडे आलेत. गर्दवरचे अनिल अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई पुढे आले आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी हे काम अंगावर घेतलं. बाहेरच्या जगात तेव्हा शब्द होता गर्दुल्ला. इथे आत आलेल्या माणसाला रुग्णमित्र म्हणू लागले. मायामीच्या दालनात टाळ्या वाजायच्या तीन वर्षं आधी, कोर्टाशिवाय, बेड्यांशिवाय, आपल्या लोकांनी माणसाला नावाने हाक मारायला सुरुवात केली होती. घसरून परत आलेल्याला घरात घ्यायला इथली माणसं तेव्हापासून शिकत आहेत.

आणि त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला. तो कडक म्हणूनच ओळखला जातो. पण त्यात कलम ३९ आहे. नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याबद्दल दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर तुरुंगात न धाडता त्याच्या संमतीने, मुचलक्यावर, सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांसाठी सोडण्याचा अधिकार ते न्यायालयाला देतं. हेरॉइनचं अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅम, गांजाचं एक किलो. वर्षाच्या आत त्याने कोर्टात यायचं आणि उपचारांचा अहवाल द्यायचा. अहवाल पाहून कोर्ट त्याला समज देऊन सोडू शकतं. कलम ६४अ त्याच्याही पुढे जातं. अशाच किरकोळ गुन्ह्यातला व्यसनी आपणहून उपचारांना गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. मायामीने ज्यासाठी वर्षभर अभ्यास केला त्याचं बीज आपल्या कायद्याच्या पुस्तकात आहे. तारीखसुद्धा आहे, वर्षाच्या आतली. फक्त त्या तारखेला नावाने हाक मारणारं कुणी नाही.

म्हणून हे विनवणीने लिहितो. तुम्ही वकील असाल आणि उद्या तुमच्यासमोर पाच ग्रॅमच्या आतला पोरगा उभा राहिला, तर जामिनाच्या अर्जाआधी त्याच्या आईला विचारा की तो झोपतो का, जेवतो का, आणि कलम ६४अ त्यांना समजेल अशा शब्दांत समजावून सांगा. खटला लढण्याजोगा असेल तर लढाच, उपचार हा कबुलीचा सौदा होऊ देऊ नका. तुम्ही मॅजिस्ट्रेट असाल तर कलम ३९ खाली सोडताना वर्षभरानंतरची एकच तारीख देऊ नका. महिन्याची द्या, आणि तो आला की वकिलाला नको, त्यालाच विचारा. तुम्ही समुपदेशक असाल तर रुग्णमित्राची सही घेण्याआधी त्याला सांगा की कोर्टात तुम्ही काय बोलणार आहात. आणि तुम्ही घरचे असाल तर कोर्टाची पायरी चढायला घाबरू नका. मागच्या बाकावर बसा. तो वळून बघेल तेव्हा तिथे कुणीतरी असायला हवं.